दुसऱ्या महिन्यातला ताप

(दृश्य: पावसाळी संध्याकाळ, मेडिकलचं काउंटर)

जुलै-ऑगस्ट आला की आपल्याकडे घराघरात ताप सुरू होतो, व्हायरल, डेंग्यू, मलेरिया, काय काय. त्यातच एखादीची पाळी चुकलेली असते, किटवर दोन रेघा आलेल्या असतात, पण तीन महिने भरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी पद्धत, त्यामुळे शेजारी नाही, जावेला नाही, मेडिकलवाल्या दादाला तर नाहीच नाही. ती नुसतं म्हणते, दादा अंग दुखतंय, ताप आहे, काहीतरी द्या. आणि तो रोजच्यासारखी गोळी काढून देतो.

(दृश्य: गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू, जवळून)

हे बारीक अक्षर वाचा. पॅरासिटामॉलच्या जोडीला आयब्युप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक लिहिलेलं असेल, तर दिवस गेलेले असताना ती गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. ताप डेंग्यूचा निघाला तर अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तो वेगळाच.

काहीजणी मात्र याच्या अगदी उलट करतात. गोळी बाळाला लागेल म्हणून काहीच घेत नाहीत, दोन-दोन गोधड्या घेऊन ताप अंगावर काढतात. ताई, असं करू नका. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून तयार होतो ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28व्या दिवशी मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींना तोवर कळलेलंही नसतं. याच दिवसांत ताप 102 च्या वर गेला तर नळी नीट न मिटण्याचा धोका थोडा वाढतो, असं अभ्यासांत दिसलंय. फॉलिक अॅसिडची गोळी देतात ती या नळीसाठीच, तापातही ती बंद करू नका.

पण ताप आला म्हणजे आता सगळं संपलं असं अजिबात नाही. डेन्मार्कमधे चोवीस हजारांवर गरोदर बायकांचा अभ्यास झाला, 2002 मधे तो छापून आला, त्यात ताप आलेल्यांमधे गर्भ दगावायचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. ताप येऊन गेलेल्या बहुतेकींची बाळं छान असतात.

मग करायचं काय, तर आधी थर्मामीटर लावा, कपाळाला हात लावून अंदाज नको. ताप असेल तर साधी पॅरासिटामॉल, 500 किंवा 650 ची, कितीदा घ्यायची ते डॉक्टरांना फोन करून विचारा, दोन गोळ्यांमधे निदान चार ते सहा तास जाऊ द्या. सर्दीच्या गोळीतही बरेचदा पॅरासिटामॉलच असतं, नकळत डबल डोस होतो. अंगावर पातळ सुती कपडा, साध्या पाण्याने ओलं फडकं, बर्फ नको. पेज, ताक, लिंबूपाणी, जे पोटात टिकेल ते घोट घोट घेत राहा, कारण उलट्यांनी आधीच पाणी कमी झालेलं असतं.

गोळीने ताप उतरतो, त्याचं कारण जात नाही. म्हणून तपासणी हवीच. रक्तात मलेरिया आणि डेंग्यू बघतात, आणि लघवी तर नक्की द्या, गरोदरपणात लघवीचं इन्फेक्शन फार कॉमन आहे, जळजळ नसली तरी असू शकतं. मलेरिया निघाला तर तुम्ही गरोदर आहात हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं, कारण प्रायमाक्विन ही नेहमीची गोळी गरोदर बाईला देत नाहीत, औषधं बदलावी लागतात. गावात असाल तर आशाताईंना सांगा. घरात लपवायचं तर लपवा, पण औषध देणाऱ्यापासून नको.

(दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्राचं दार, उभी अँब्युलन्स)

गोळी घेऊनही ताप 102 च्या खाली येत नसेल, हुडहुडी भरून कंबरेच्या वर एका बाजूला दुखत असेल, अंगावरून रक्त जात असेल, पोटात कळा येत असतील, पाणीही पोटात टिकत नसेल, दम लागत असेल किंवा बाई गुंगीत वाटत असेल, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन लावा, अँब्युलन्सचे पैसे लागत नाहीत, आणि फोनवर पहिलंच वाक्य हे सांगा की पेशंट गरोदर आहे, कितवा महिना आहे.