अंबाड्यापर्यंत हात

(दृश्य : दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग, सकाळ. पानांवर दव. काही वेळ फक्त कात्र्यांचा आवाज.)

ऑक्टोबरातली गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन गेली. घड बाहेर आलेत, मण्यांची विरळणी चालू आहे. मांडवाखाली मान वर, हात वर आणि बोटांत बारीक कात्री. दाटीतले मणी काढले तरच उरलेले फुगतात. सकाळी वर गेलेले हात जेवणाच्या सुट्टीलाच खाली येतात.

तिसऱ्या ओळीत बघा, हिरवा स्कार्फ बांधलेल्या मावशी. उजव्या हातातली कात्री त्यांनी डाव्या हातात घेतली. मग तोच डावा हात उजव्या कोपराखाली धरला आणि उजवा हात उचलून वर नेला.

आम्ही बाग टिपायला गेलो होतो. हे आपोआप कॅमेऱ्यात आलं आणि पुढचे तीन महिने आम्ही या मावशींसोबत राहिलो.

(दृश्य : घर, रात्र. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. पंखा फिरतोय.)

डिसेंबर महिना. शेजारच्या निफाडात या दिवसांत पारा पाच-सहा अंशांवर येतो. घरातली माणसं गोधडीत गुरफटून झोपलीत आणि मावशी पंख्याखाली बसल्यात. छातीतून वाफ उठते, डोक्यात जाते, मानेवर घाम फुटतो. काही मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग हुडहुडी भरते.

मावशी 49 वर्षांच्या आहेत. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. भारतात ती सरासरी 46-47 व्या वर्षी येते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन घटलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो. एरवी शरीर जो उष्मा सहज खपवून घेतं, तेवढ्यालाही तो घाम काढायला लागतो. मावशींना घरात, बागेत, सगळीकडे एकच उत्तर मिळालं होतं: वयाचं आहे, होईल बरं.

(दृश्य : नाशिक, फिजिओथेरपीची खोली. निळी गादी, भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा.)

इथे पहिल्या दिवशी कोणी औषध लिहून दिलं नाही. आधी माप घेतलं. मॅडमच्या हातात गोनिओमीटर आहे, शाळेतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या जोडाव्यात तसा. हात समोरून वर, 95 अंश. बाहेरच्या बाजूला जेमतेम 15. पाठीमागे अंगठा कमरेच्या वर जाईना. मॅडमनी स्वतः हात धरून फिरवून पाहिला, तरी तो तिथेच अडला. दुसऱ्याने फिरवूनही न फिरणारा खांदा म्हणजे आखडलेला खांदा, फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीत हा जास्त दिसतो, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये अधिक. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर शक्यता आणखी वाढते, म्हणून दोन्हींची रक्ततपासणी त्याच आठवड्यात झाली. हात सतत वर ठेवून काम करणाऱ्यांत स्नायूबंधांना इजा होते, तिचे उपचार वेगळे. दोन्हींना ‘खांदा धरला’ एवढंच म्हणून मलम चोळत बसलं की महिने वाया जातात. माप घ्यायचं ते यासाठीच.

(दृश्य : भिंतीवर चढणारी बोटं, जवळून.)

‘मावशी, खांदा उचलू नका. बोटांना चालू द्या.’

तर्जनी आणि मधलं बोट मुंगीसारखं भिंत चढतंय. जिथे थांबतं तिथे पेन्सिलीची रेघ आणि तारीख. मग टेबलाला टेकून वाकायचं आणि पाण्याची अर्धी भरलेली बाटली धरून हात लोलकासारखा सोडायचा. मग टॉवेल पाठीमागे, पाठ पुसतात तसा. चांगल्या हातानं दुखऱ्याला वर ओढायचं, दुखणं सोसवेल इतकंच. घरी दिवसातून दोनदा, शेकल्यावर.

तिसऱ्या भेटीत मावशी दार लावून बराच वेळ बोलल्या. तेव्हा कॅमेरा बाहेर होता. त्यांच्या परवानगीनं सांगते: शिंकलं, वाकलं, पाटी उचलली की लघवी सुटायची. बागेत दिवसभर त्या पाणीच पीत नव्हत्या.

(दृश्य : टेबलावर कापडी बटवा. मॅडम नाडी ओढतात.)

ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू असेच मिटतात आणि वर उचलले जातात, बटव्याची नाडी ओढल्यासारखे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगेल यांनी 1948 साली हे व्यायाम मांडले. एका वेळी आठ वेळा आवळायचं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. शिंक येतेय असं वाटलं की आधी नाडी ओढायची, मग शिंकायचं. औषध नाही, खर्च नाही. शिकवणारं कुणीतरी हवं. मला तर वाटतं, प्रत्येक बाळंतपणानंतर हे शिकवायला हवं होतं.

(दृश्य : खुर्चीवरून हात न टेकता उठणं. मग पाच किलो पिठाचा डबा छातीशी धरून.)

‘दिवसभर राबते, मला कशाला व्यायाम?’ मावशींचा हा प्रश्न आहे. बागेत एकच ताण तासन्‌तास पडतो. हाडाला आणि स्नायूला हळूहळू वाढत जाणारं वजन लागतं, मधे विसावा लागतो. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं झपाट्यानं झिजतात. पुढे मनगट, मणका, खुबा मोडण्याचा धोका वाढतो.

(दृश्य : एकाच टेबलाभोवती चौघी आणि मावशी.)

स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिओ, आहारतज्ज्ञ, वैद्य. नाशिकच्या म्हसरुळला 1998 पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. एमबीबीएस, आयुर्वेद, फिजिओथेरपी, नर्सिंग, सगळ्या पदव्या तिथल्याच. उपचारही असेच एकत्र बसून का होऊ नयेत?

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, व्यायामानं ताकद येईल, झोप सुधारेल, पण वाफांवर त्याचा भरवसा नको. त्यावर सगळ्यांत गुणकारी हार्मोन थेरपीच. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील, तर ती सहसा देत नाहीत. मावशींना तसं काही नव्हतं. तपासण्या करून औषध सुरू झालं. आहारात नाचणी आली, 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्राम कॅल्शियम. वैद्यांनी झोपण्याआधी तिळाच्या तेलाचा अभ्यंग सांगितला. शतावरीचं विचारल्यावर म्हणाल्या, ‘हार्मोन चालू आहेत, या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मी देणार नाही.’ हे वाक्य आम्ही संकलनात मुद्दाम पूर्ण ठेवलंय.

आणि एक गोष्ट चौघींनीही सांगितली. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी लगेच डॉक्टरांकडे जायचं.

(दृश्य : मार्च. बागेत काढणी, क्रेट भरतायत. मावशी पाण्याच्या बाटलीतून घोट घेतात.)

रात्री अजून जाग येते, पण रोज नाही.

(दृश्य : घराचा ओटा, आरसा. मावशी विंचरतायत.)

भिंतीवरची शेवटची रेघ 140 अंशांची. उजवा हात कानामागे पोहोचतो. केसांचा पेड मानेशी गुंडाळला जातो, एक पिन लागते. दुसरी अजून सून लावते.

(आवाज : भांड्यांचा, कोंबड्यांचा. निवेदन नाही.)