रावणाच्या मिशा आणि प्लास्टरचा ताप

नमस्कार श्रोतेहो. वैशाखातली शिवजयंती जवळ आली की बेळगावात चित्ररथांच्या तयारीला जोर चढतो. पावनखिंडीचा देखावा दोन-चार मंडळं तरी करतातच. खिंड आली म्हणजे बाजीप्रभूंच्या अंगावर जखमा आल्या. तिकडं खेड्यांत यात्रेची नाटकं, त्यात कुणाला राक्षसाचं नाक हवं, कुणाला सुळे. आजची मुलं याला प्रोस्थेटिक मेकअप म्हणतात. त्यातलं एक वाक्य आधीच सांगून ठेवतो, पुन्हाही सांगणार आहे. माणसाच्या तोंडावर प्लास्टर ऑफ पॅरिस थेट थापायचं नाही.

का, ते ऐका.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात यात्रेला रामायणातलं नाटक बसवलं होतं. मी रंगभूषेला गेलो होतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं नाटकाची हौस आमच्या मातीतच आहे. फक्त पडदा वेळेवर उघडायची सवय तेवढी त्या मातीत नाही. असो. रावणाचं काम एका पैलवानाकडं होतं. आवाज खणखणीत, आणि मिशा अशा, की तालमीतली पोरं त्या मिशांना वचकून असायची. मंडळातल्या एका हुशार पोरानं ठरवलं, उरलेली नऊ तोंडं पुठ्ठ्याची करायची नाहीत. पैलवानाच्याच तोंडाचा साचा घ्यायचा आणि त्यातून नऊ मुखवटे काढायचे. मोबाइलवर बघितलं होतं त्यानं.

मी देवळापाशी पोहोचलो तेव्हा काम उरकलेलं होतं. पैलवान बाकावर उताणा, तोंडावर गणपतीच्या कारखान्यातनं आणलेलं प्लास्टर दोन बोटं जाड, नाकपुड्यांत दोन नळ्या, आणि भोवती निम्मा गाव. तेल नाही, व्हॅसलीन नाही. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की तापतं. जाड थर असला तर फार तापतं. आत पैलवानाला चटका बसायला लागला. बोलणार कसा? तोंड बंद. मग त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. मांडीवर थाप मारली. शड्डू!

लोकांना वाटलं, गडी भूमिकेत शिरला. टाळ्या! पैलवानानं दुसरा शड्डू ठोकला, आणखी जोरात. शिट्ट्या! पलीकडच्या गावचा ट्रॅक्टरवाला कानडीत ओरडला, "भाळ चलो!", म्हणजे लई झकास! जितका चटका, तितका शड्डू; जितका शड्डू, तितक्या टाळ्या. शेवटी त्याची आत्या गर्दीतनं वाट काढत आली आणि म्हणाली, "अरे मुडद्यांनो, तो शड्डू नव्हं, जीव चाललाय त्याचा!"

मग धावपळ. आधी नळ्या सांभाळून काढल्या, मग कडा सुटल्या. कपाळ सुटलं, गाल सुटले. मिशा सुटेनात! प्लास्टरनं केसन् केस धरला होता. आत्यानं तेलाची बाटली रिकामी केली, उपयोग शून्य. न्हाव्याला बोलावलं. त्यानं फटीतनं कात्री सारून मिशा मुळाशी कापल्या, तेव्हा साचा हातात आला. मागं लालबुंद तोंड, आणि ओठावर काही नाही. पैलवान नशीबवान, चार दिवस लाली राहिली एवढंच.

पण पोरगं चिवट. त्यानं त्याच साच्यात लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक, ओतलं. साच्यात अडकलेले केस पहिल्याच मुखवट्यानं ओढून घेतले. म्हणजे नाटकाच्या रात्री रावणाच्या एका खोट्या तोंडाला पैलवानाच्या खऱ्या मिशा, बाकी आठांना काळ्या रंगाच्या, आणि खुद्द पैलवानाला मी क्रेपच्या खोट्या केसांच्या चिकटवल्या!

हसू येतं, पण इंग्लंडमधल्या एका शाळेत २००७ साली एका मुलीनं साच्यासाठी बादलीभर प्लास्टरमध्ये हात घातले, आणि तिची बहुतेक बोटं गेली. म्हणून पुन्हा सांगतो, कातडीवर प्लास्टर थेट नाही.

मग साचा घ्यायचा कशानं? अल्जिनेटनं. दाताचे डॉक्टर मापाला वापरतात ती पावडर, समुद्री शेवाळापासनं होते. गार पाण्यानं सावकाश घट्ट होते, कोमट पाण्यानं लवकर. भुवया, मिशांना आधी व्हॅसलीन. अल्जिनेट बसलं की वरनं प्लास्टरच्या पट्ट्यांचं पातळ कवच. नाकात नळ्या नकोत, धक्का लागला तर इजा होते. नाकपुड्या नुसत्या मोकळ्या ठेवायच्या आणि एका माणसानं तेवढंच बघत बसायचं. खूण आधी ठरवा. हात वर केला की सगळं काढायचं. सर्दी झालेल्याला, कोंडल्यासारखं होणाऱ्याला बसवूच नका.

आता लॅटेक्स. त्यात अमोनिया असतो. खिडक्या उघड्या ठेवा. फुगा फुगवताना ज्याचे ओठ सुजतात, केळं-पपईनं ज्याच्या तोंडाला खाज सुटते, त्याला लॅटेक्स लावू नका. इतरांनाही आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. लॅटेक्सऐवजी प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन वापरणार असाल तर हातात नायट्राइलचे मोजे घाला. लॅटेक्सच्या मोज्यांनी किंवा गंधक असलेल्या मातीनं प्लॅटिनम सिलिकॉन घट्टच होत नाही, चिकट राहतं, आणि ते महागडं आहे. डॉल्बीला हजारो रुपये मोजणारं मंडळ रंगभूषेच्या सामानाला मात्र पावती मागतं!

जिलेटिन आणि ग्लिसरीनची खोटी जखम स्वस्तात होते, पण वैशाखातल्या घामानं ओघळते. ते मिश्रण गरम करून लावतात, म्हणून लावण्याआधी मनगटावर ऊब बघा. आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. आपल्याकडं जैन, लिंगायत कलाकार बरेच. त्यांना आधी विचारा, नंतर कळलं तर वाईट दिसतं.

खोट्या मिशा, नाक चिकटवायचा गोंद म्हणजे स्पिरिट गम, त्यात अल्कोहोल असतं. तो पूर्ण वाळल्याशिवाय मशालीजवळ जायचं नाही. झटपट चिकटणारा घरातला गोंद कातडीला कधीच नाही. काढताना ओढायचं नाही, पेट्रोल-थिनर तर नाहीच. गमचा रिमूव्हर कडेनं भिजवत न्या. नसेल तर खोबरेल तेल, वेळ लागेल. मिरवणूक पहाटे संपली तरी जखम उतरवूनच झोपा, आणि ओठाशी लावलेलं रक्त साखरेच्या पाकाचं असेल तर मान आधी धुवा, नाहीतर मुंग्या येतात. नमस्कार.