रेल्वेवरचा पूल फाटकावरच हवा का? कोकणात जागा निवडायची ती जमीन बघून

नमस्कार मंडळी.

(कॅमेरा खाली रुळांकडे, मग परत)

खाली बघा. मी उभी आहे तिथून रूळ साधारण दहा मीटर खाली आहेत. आता त्या बाजूला बघा, मळ्यात. रेल्वे तीच, पण तिथे ती भरावावरून जाते, भाताच्या शेतापेक्षा चांगली उंच. आणि या दोन्हींच्या मधे, जिथे रस्ता आणि रूळ एका पातळीला येतात, तिथे आमचं फाटक आहे.

कोकणात जमीन वरखाली होते, रेल्वे होत नाही. कोकण रेल्वेची आखणी करताना चढ १५० मीटरला १ मीटर यापेक्षा जास्त ठेवायचा नाही, असं ठरवलं होतं. म्हणजे डोंगराची सोंड आडवी आली की ती कापायची, म्हणजे कटिंग करायची, नाहीतर बोगदा मारायचा, आणि दरी आली की भराव टाकायचा नाहीतर पूल बांधायचा. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर हेच केलंय. २६ जानेवारी १९९८ला अख्खा मार्ग सुरू झाला, आणि आपल्या गावांच्या मधून एक सरळ रेघ गेली.

आता त्या रेघेवरून रस्ता न्यायचाय. कुठून न्यायचा?

गावात कोणालाही विचारा, उत्तर एकच येतं: फाटक आहे तिथेच पूल बांधा. मीसुद्धा आधी हेच म्हणायचे. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, पुलांच्या कामांवर काही वर्षं काढलीत, पण आपल्या गावाचा प्रश्न आला की माणूस सवयीच्या जागेवरच बोट ठेवतो.

थोडं गणित करू. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२मध्ये पूर्ण झालं. रुळांवर २५ हजार व्होल्टची तार आहे. त्यामुळे रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या पोटापर्यंत साधारण साडेसहा मीटर मोकळी जागा लागते. त्यावर गर्डर, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळया, आणि स्लॅब मिळून दोन मीटर धरा. म्हणजे पुलावरचा रस्ता रुळापासून साडेआठ मीटर उंच झाला. आता फाटकापाशी रस्ता रुळाच्याच पातळीला आहे. भरलेला चिऱ्याचा ट्रक आणि एसटी बिनत्रास चढायची, तर चढ ३० मीटरला १ मीटर एवढा ठेवायला हवा. साडेआठ गुणिले तीस, २५५ मीटर. एका बाजूला. दोन्ही बाजू मिळून अर्धा किलोमीटर भराव!

आणि भराव काही भिंतीसारखा उभा नसतो. वर रस्ता १२ मीटर रुंद धरला, दोन्ही अंगांना नेहमीचा उतार दिला, तर सगळ्यात उंच जागी त्याचा पाया ४६ मीटर रुंद होतो. सगळी बेरीज केली तर जवळजवळ दीड हेक्टर जमीन जाते. गुंठ्यांत दीडशेच्या आसपास. ज्या मळ्यात एकेका घराच्या वाट्याला पाच-सात गुंठे येतात, तिथे दीडशे गुंठे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि सातबारावर नावं किती? आजोबांची, चुलत आजोबांची, त्यांच्या मुंबईतल्या नातवंडांची. भूसंपादनाची नोटीस कोणाकोणाच्या हातात पडायची, इथेच दोन वर्षं जातात. भरावाऐवजी दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती उभ्या केल्या तर जमीन कमी लागते, हे खरं. पण खर्च वाढतो, आणि फाटकाजवळच्या दुकानांसमोर, घरांच्या ओटीसमोर आठ मीटरची भिंत येते.

आता परत इथे या, माझ्या पायाखाली.

(कॅमेरा कटिंगच्या कडेने सावकाश फिरतो)

इथे जमीन आधीच रुळापासून दहा मीटर वर आहे. म्हणजे पूल हवा तेवढ्या उंचीवर जमीन स्वतःच उभी आहे. रस्ता सरळ येतो, कटिंग ओलांडतो, पलीकडे सरळ जातो. चढ नाही, भराव नाही, मळ्यातला एक गुंठा नाही. म्हणून कोकणात पुलाची जागा शोधताना मी आधी रेल्वे कुठे जमिनीत खोल गेलीय ते बघते, आणि रस्त्याचा विचार त्याच्यानंतर करते.

पण घाई नको. कटिंगची जागा फसवीही असते. वर हा जो जांभा दिसतो ना, कुऱ्हाड लागली तर ठण्ण वाजेल असा, त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी मऊ, पांढरट-जांभळी चिकणमाती असते. कोरडी असेपर्यंत शहाण्यासारखी वागते. पाणी मुरलं की घसरते. २२ जून २००३ला वैभववाडीजवळ कटिंगमध्ये दरड आली आणि गाडी तिच्यावर आदळली. पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यानंतर कोकण रेल्वेने किती कटिंग रुंद केल्या, किती उतारांना जाळ्या मारल्या, ते तुम्ही खिडकीतून बघितलं असेलच. अशा उताराच्या अगदी कडेवर पुलाचं टोक टेकवायचं म्हणजे त्या मातीवर नवं ओझं ठेवायचं. म्हणून टोक कडेपासून मागे घ्यावं लागतं, गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, लांब होतो, आणि वरचं पावसाचं पाणी कटिंगच्या तोंडात न जाता बाजूला जावं म्हणून गटार आधी बांधावं लागतं. पूल नंतर.

माती कशी आहे हे कसं कळणार? ट्रायल बोअर, म्हणजे चाचणीसाठी जमिनीत खोल भोक, मारतातच. पण त्याच्याआधी एक काम करा. आजूबाजूच्या विहिरी बघा. विहीर खोदणारा माणूस तुम्हाला सांगतो, कातळ किती हातांवर संपला, मऊ कुठे लागलं, झरा कुठून आला. मी दोन ठिकाणी हे विचारलंय आणि दोन्ही वेळा बोअरचा निकाल त्याच्या जवळपास आला.

मग भराव आहे तिथे काय? तिथे वरून जायचा हट्ट कशाला, खालून जावं. भरावातून काँक्रीटची चौकट सरकवून भुयारी मार्ग करता येतो, आणि वर गाड्या चालू ठेवता येतात, सावकाश. लोक लगेच म्हणतात, पावसात पाणी भरेल. सपाटीला खड्डा खणून केलेल्या भुयारी मार्गात भरतंच, ते बरोबर आहे. पण भराव उंच असेल आणि जमिनीला उतार असेल तर रस्ता खणायलाच लागत नाही, पाणी आपोआप खाली निघून जातं. फक्त तो पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडावर नको, थोडा वरच्या अंगाला हवा. ऐन जुलैमध्ये छत्री घेऊन तिथे जाऊन उभं राहिलं की पाच मिनिटांत कळतं.

पाण्यावरून एक गोष्ट ठासून सांगते. पुलाचा भराव हासुद्धा एक बांधच असतो. चिपळूणने २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी किती चढतं ते बघितलंय. नदीच्या किंवा खाडीच्या मळ्यात अर्धा किलोमीटर आडवा भराव टाकला आणि त्यात दोनच मोऱ्या ठेवल्या, तर वरच्या वाडीला तुम्ही पूर भेट दिलात. अशा जागी भरावाऐवजी खांबांवरचा पूल घ्या, महाग पडला तरी घ्या.

बाकी नियम पटकन सांगते. पुलाने रूळ शक्य तेवढे काटकोनात ओलांडावेत. ४५ अंशांत तिरका गेलात तर गाळा जवळजवळ दीडपट होतो, ३० अंशांत थेट दुप्पट. स्टेशनच्या यार्डावर पूल नको, सिग्नल दिसण्याच्या आड येईल असा वळणावरही नको. आणि गाळा एका रुळापुरता मोजू नका! रोहा ते वीर दुपदरीकरण २०२१मध्ये झालं, पुढचा बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे. उद्या दुसरा रूळ आला आणि तुमचा खांब मधे असला तर काय करणार?

एकेरी मार्गाचा आणखी एक परिणाम. गर्डर चढवताना रेल्वेकडून ब्लॉक घ्यावा लागतो, तार बंद, गाड्या बंद. दुसरा रूळच नसल्याने त्या काही तासांत मुंबई-केरळ सगळंच थांबतं. जूनपासून पावसाळी वेळापत्रक, मग गणपतीच्या जादा गाड्या. म्हणजे कामाला उरतात थंडीचे आणि उन्हाळ्याचे महिने, त्यातही शिमगा आणि मे महिन्याची गर्दी वगळून. क्रेन आणि गर्डरचे ट्रेलर जिथे पोचूच शकत नाहीत अशी जागा कागदावर कितीही चांगली असो, तिचा उपयोग नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा व्हिडिओ केला तिच्याकडे येते.

पूल कुठे मंजूर होणार हे एका आकड्यावर बरंच ठरतं. टीव्हीयू, म्हणजे ट्रेन व्हेईकल युनिट. दिवसाच्या गाड्या गुणिले फाटकावरून जाणारी वाहनं. ५० गाड्या आणि २ हजार वाहनं, म्हणजे एक लाख. एक लाखाच्या वर आकडा गेला की रेल्वे आणि राज्य सरकार निम्मा-निम्मा खर्च उचलतात, हा वर्षानुवर्षं चालत आलेला नियम. ट्रक एक युनिट, रिक्षा अर्धं. आणि पायी चालणारा माणूस? शून्य.

डोक्यावर माशांची पाटी घेऊन जाणारी बाई, शून्य. दप्तर घेऊन जाणारी पोरं, शून्य. शिमग्यात वाडीवाडीत फिरणारी पालखी आणि तिच्याबरोबरची दोनशे माणसं, शून्य. आणि पूल वाहतुकीला खुला झाला की फाटक कायमचं बंद होतं, ती अटच असते. तिथे भिंत येते. मग त्या बाईने काय करायचं? रूळ ओलांडले तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली गुन्हा.

म्हणजे मी आत्तापर्यंत जी कटिंगची बाजू घेतली, ती गाडीवाल्यांची बाजू आहे. गाडीला अर्धा किलोमीटर म्हणजे एक मिनिट. आमच्या शेजारच्या काकी सत्तरीच्या आहेत. त्यांच्या घरापासून फाटकातून पलीकडच्या बाजारात जायला सहा मिनिटं लागतात. मी त्यांच्याबरोबर चालून घड्याळ लावलं. मग दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी इथे, कटिंगपर्यंत, पाखाडी चढून आलो, आणि पलीकडून मागे बाजारात जायला जेवढं चालावं लागेल तेवढं रुळांच्या याच बाजूला चालून बघितलं. छत्तीस मिनिटं. मधे दोनदा गडग्यावर बसलो. त्या म्हणाल्या, "बाय, पूल चांगलाच असेल गो, पण तो माझ्यासाठी नाय."

मला पूल कटिंगवरच हवाय. मळा वाचतो, पैसा वाचतो, काम लवकर होतं. पण त्याच्या जोडीला, फाटकाच्या जागी, माणसांपुरता आणि दुचाकीपुरता भुयारी मार्ग हवा. फाटकाजवळच, जिथे रूळ भरावावर चढायला लागतात, तिथे तो होतो, मी मापं घेतलीत. आणि हे पुलाच्या मुख्य नकाशात, ज्याला जीएडी म्हणतात, त्यात आत्ताच यायला हवं. त्या नकाशावर रेल्वे आणि राज्य सरकार दोघांच्या सह्या झाल्या की नंतर एक पायरीसुद्धा वाढवून घेणं जड जातं.

म्हणून गेल्या ग्रामसभेत आम्ही अर्ज दिला. त्यात टीव्हीयू नाही. सात दिवस, सकाळी सहा ते रात्री आठ, शाळेतल्या पोरांनी फाटकावर पाळीपाळीने बसून पायी जाणारी माणसं मोजली. वहीत काकींच्या नावासमोर रोज दोन रेघा आहेत, एक जाताना, एक येताना. ती वही अर्जाला जोडलीय आणि पोच माझ्याकडे आहे.

तुमच्या फाटकावर पूल येणार असेल तर अर्जाचा नमुना खाली ठेवलाय. तो घ्या, गावाचं नाव बदला, पण माणसं मात्र तुमची तुम्ही मोजा.