परक्या तारांवर

(दृश्य: महामार्गावर एकामागोमाग जाणारे बकेट ट्रक)

चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकण्याआधीच विजेच्या तारा जोडणारी ही माणसं, लाईनमन, घरातून निघालेली असतात. शेकडो मैल गाडी हाकायची, वादळाच्या वाटेपासून जरा बाजूला मुक्काम टाकायचा आणि वारा पडण्याची वाट बघायची. वारा ताशी साठेक किलोमीटरच्या वर असला की बकेट, म्हणजे माणसाला तारांपर्यंत उचलणारा ट्रकवरचा पाळणा, वर न्यायची नाही. तिकडे अंधारात बसलेले लोक फोनवर फोन करतायत आणि इकडे लाईनमन गाडीत हातावर हात धरून बसलाय.

अमेरिकेत वीज पुरवणाऱ्या कंपन्या, नगरपालिका आणि सहकारी संस्था मिळून तीन हजारांच्या घरात आहेत. मोठ्या वादळापुढे कुणा एकाची माणसं पुरत नाहीत. म्हणून एकमेकांना पथकं द्यायची आणि खर्च बोलावणाऱ्याने सोसायचा, अशी व्यवस्था आहे. २०१२ मध्ये सँडी वादळानंतर तर कॅलिफोर्नियातले ट्रक वायुदलाच्या विमानांत घालून थेट न्यूयॉर्कला उतरवले होते.

२६ सप्टेंबर २०२४. हेलेन वादळ फ्लोरिडात शिरलं आणि उत्तरेकडे सरकत गेलं. चाळीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात तर पुराने रस्ते वाहून गेले, उपकेंद्रं पाण्याखाली गेली. मदतीला कॅनडातूनही पथकं आली.

पण बाहेरून आलेल्या माणसाला इथली लाईन ठाऊक नसते. कुठला फीडर, म्हणजे उपकेंद्रातून वस्तीकडे जाणारी मुख्य लाईन, कुठून येतो, कुठली तार कुणाच्या परसातून गेली, हे स्थानिक कंपनीचा माणूस पुढे राहून दाखवतो. त्याच्याशिवाय पाहुणे पथक हलत नाही.

(दृश्य: हातमोजा तपासणारा लाईनमन)

हे नीट बघा. रबरी हातमोजा मनगटाकडून गुंडाळत आणायचा, आत हवा कोंडायची. बोटं टम्म फुगली की दाबून कानाशी न्यायची. हवा सुटल्याचा बारीकसा आवाज आला, तरी तो मोजा बाद. चांगला असेल तर त्यावर चामड्याचा मोजा चढवायचा आणि मगच वर जायचं. लाईन बंद आहे असं कुणी शंभरदा सांगितलं तरी आधी टेस्ट करायची, मग अर्थिंग करायचं.

एवढी काळजी कशाला? शेजारच्या घरातल्या जनरेटरमुळे. कुणी मेन स्विच न पाडता जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, तर तो पुरवठा उलटा खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. ७,२०० व्होल्टचे २४० करणारा तोच, २४० चे ७,२०० करणाराही तोच. वादळ गेलं, ऊन पडलं, लाईन बंद आहे, आणि तरीही तार जीव घेऊ शकते.

काम मोठ्यापासून छोट्याकडे जातं. आधी पारेषण वाहिन्या आणि उपकेंद्रं, मग रुग्णालयं, पाणीपुरवठा आणि मुख्य फीडर, आणि शेवटी गल्लीबोळ. सुरुवातीला एक फीडर सुरू झाला की हजारो घरं एकदम उजळतात, बातम्यांत आकडे झरझर खाली येतात. नंतर दिवसभर राबून, खांब उभा करून दोनच घरं मिळतात. टीका होते ती याच दिवसांत, आणि राबणूक सर्वांत जास्त होते तीही याच दिवसांत.

सोळा तास काम, आठ तास विश्रांती. झोपायला मैदानातले तंबू, नाहीतर ट्रेलरमधले एकावर एक बिछाने. या लोकांना वीर म्हणायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर ओव्हरटाईमचा पैसा हेही येण्याचं मोठं कारण असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. चिखलात उभं राहून खांबाचा खड्डा खणणाऱ्याला तो मिळायलाच हवा.

हेलेननंतर तेराव्या दिवशी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन वादळ फ्लोरिडात सिएस्टा की इथे धडकलं. पुन्हा तीस लाखांहून जास्त ग्राहक अंधारात. हेलेनच्या कामावरून सुटलेल्या कित्येक पथकांनी घरी फोन करून इतकंच कळवलं, की येणं लांबलंय, आणि ट्रक दक्षिणेला वळवले.