सेकंदाला बारा सूर

(पडदा काळा. मेट्रोनोमची टिकटिक. तिच्या मागून लेथची घरघर हळूहळू वर येते.)

"नुसतं टायपिंग करालाय त्यो."

या फिल्मसाठी कोल्हापुरात फिरताना हे वाक्य आम्ही इतक्या जणांकडून ऐकलं, की सुरुवात त्याच्यापासूनच करायचं ठरलं. बोलणारे कोण? ऑर्केस्ट्रात तीस वर्षं गिटार वाजवलेले काका, गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो वाजवणारे, आणि चक्क रॉक ऐकणारी कॉलेजची पोरंही. ज्याच्याबद्दल बोलतात तो पोरगा प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवतो. बोटं पळतात, सूर स्वच्छ येतात, चूक सापडत नाही. तरीही ऐकणारा खांदे उडवतो आणि म्हणतो, हात तयार आहे, पण आत काही होत नाही.

ही तक्रार कितपत खरी आहे, ते बघू.

(शिवाजी उद्यमनगर. अरुंद बोळ, दाराशी लोखंडाच्या चुऱ्याचे ढीग.)

उद्यमनगर. ऑईल इंजिनचे सुटे भाग, फौंड्रीचे पॅटर्न, लेथ, मिलिंग. यातल्याच एका वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर आमचा गिटारवादक बसतो. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाव नको म्हणाला, तेव्हा नाव नाही. खाली वडील काम करतात. वर सात तारांची गिटार, एक जुना लॅपटॉप, हेडफोन. ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, आहे, पण तो लावायची वेळ ठरलेली. खालचं मशीन बंद झाल्यावरच.

मेट्रोनोम, म्हणजे लय धरून टिकटिकणारं यंत्र, १८० वर. मिनिटाला १८० ठोके. दर ठोक्याला चार सूर. म्हणजे सेकंदाला बारा.

(कॅमेरा उजव्या हातावर, अगदी जवळून.)

इथं थोडं थांबून बघा. पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चपटी पट्टी, खाली, वर, खाली, वर. टोक तारेला जेमतेम शिवतं, कारण जास्त खोल गेलं तर परतायला उशीर होतो. तळहाताची कड ब्रिजवर, तारा जिथं गिटारच्या अंगाला बसतात तिथं, टेकलेली, जाड तारांवर. डाव्या हाताचं जे बोट वाजवत नाही ते शेजारच्या तारेवर अलगद पडलेलं. आवाज मुद्दाम फाडलेला असतो, त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. एवढ्या डिस्टॉर्शनवर न वाजवलेली तारही गुणगुणायला लागते. ती गप्प ठेवणं हे अर्धं काम, आणि ते ऐकणाऱ्याला कधीच कळत नाही.

वडिलांना मात्र हात कळतो. ते एकदा वर आले आणि पोराच्या गिटारच्या तारांना मायक्रोमीटर लावून बसले. सगळ्यात बारीक तार पाव मिलिमीटर. सगळ्यात जाड, सातवी, दीड मिलिमीटरच्या आसपास. ते बघून म्हणाले, "मापात हाय." पोराला मिळालेली ही बहुधा सगळ्यात मोठी दाद. मग जाता जाता बोललेच, "पर दीड तास झाला, एकच तुकडा घासालायस. गाणं कवा सुरू करनार?"

प्रश्न बरोबर आहे. पण त्याआधी हे संगीत आलं कुठून, ते थोडक्यात.

(जुन्या कॅसेट, सीडी, पोस्टर.)

सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकची लांबलचक, वळणावळणाची गाणी आणि हेवी मेटलचा जड आवाज एकत्र आले, त्यातून हा प्रकार घडला. त्यातलं सर्वांत माहितीतलं नाव ड्रीम थिएटर. १९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कली कॉलेजात शिकणाऱ्या तीन मुलांनी हा बँड सुरू केला. त्यातला गिटारवाला जॉन पेट्रुची. कोल्हापुरातला असो की कुठला, या वाटेला लागलेला प्रत्येक पोरगा कधी ना कधी त्याच्या पायाशी बसलेला असतो. फोनवरून.

याच पेट्रुचीची दोन गाणी शेजारी ठेवा. १९९९ चं 'द डान्स ऑफ इटर्निटी'. शब्द नाहीत. सहा मिनिटांत ताल शंभराहून जास्त वेळा बदलतो. मला ते दरवेळी थक्क करतं. पण घरी आल्यावर आपणहून लावावं असं मला फारसं वाटत नाही. दुसरं २००९ चं 'द बेस्ट ऑफ टाइम्स'. ड्रमर माइक पोर्टनॉयनं कॅन्सरनं जाणाऱ्या वडिलांसाठी लिहिलेलं. त्याच्या शेवटी पेट्रुचीची सोलो, म्हणजे एकट्या गिटारनं पुढं येऊन वाजवलेला तुकडा, आहे, आणि तिथं माणसं रडतात. हात तोच, बोटं तीच. पहिल्या गाण्यातला माणूस कोरडा आणि दुसऱ्यातला भावुक, असं कसं म्हणणार? पहिल्यात तो वेगळाच खेळ खेळतोय, एवढंच.

आता स्वीडनचा मेशुगा. उमेओ गावचा बँड, १९८७ पासूनचा. हे लोक आठ तारांची गिटार वापरतात. इतक्या खाली उतरलेली, की 'सूर' म्हणण्यापेक्षा थरथर म्हणावं. यांच्याकडे जाऊन डोळ्यांत पाणी मागायचं नसतं. इथलं सगळं काम लयीत आहे, आणि ते समजायला आपल्याकडच्या माणसाला इंग्रजी पुस्तक लागत नाही.

(पडद्यावर दोन ओळी. वर १ ते १६, खाली १ ते ७. आकडे सोबत पळू लागतात.)

वर सोळा मात्रांचं आवर्तन. खाली गिटारचा सात मात्रांचा तुकडा. दोघं एकत्र निघाले. सात संपले, पुन्हा सात, पुन्हा सात. सोळा मात्रा झाल्या तेव्हा तुकडा मध्येच कुठंतरी लटकलेला. वरची आवर्तनं सात झाली आणि खालचा तुकडा सोळा वेळा झाला, की एकशे बारा मात्रांनंतर दोघं पुन्हा एका समेवर. मेशुगाचा ड्रमर टोमस हाके झांज सरळ चारच्या चालीत ठेवतो आणि पायानं गिटारच्या वाकड्या तुकड्यासोबत चालतो. बहुतेकदा ते इतकी वाट बघत नाहीत. चार किंवा आठ आवर्तनांनंतर तुकडा मध्येच तोडतात आणि सम घेतात. ती सम आली की अंगावर काटा येतो. तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर येणारा तुकडा, बरोबर येऊन पडल्यावर इथल्या देवल क्लबात, शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत, जे 'वा' निघतं, ते भावनेतून येत नाही असं कोण म्हणेल?

देवल क्लब निघालाच आहे, तर तिकडेच जाऊ.

(गायन समाज देवल क्लब. बाहेरून. मग आत तानपुरा लावतानाचा आवाज.)

हे भांडण कोल्हापूरला नवं नाही. १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादियाखाँना दरबारी गायक म्हणून इथं आणलं. महाराज १९२२ मध्ये गेले, तोवर खाँसाहेबांचा मुक्काम मुख्यतः इथंच. जयपूर-अत्रौली गायकी म्हणून आज जिचं नाव घेतात, ती या गावात मुरली. अनवट राग, जोडराग, पेचदार ताना, लयीला घट्ट धरून चालणं. आणि इथून पन्नासेक किलोमीटरवर, मिरजेत, किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ. सुरावर सुर ठेवत, लांबवत, भिजवत जाणारी गायकी. मग काय, एकीकडं 'बुद्धिप्रधान', दुसरीकडं 'भावप्रधान' अशी लेबलं लागली, आणि जयपूरवाल्यांना ऐकावं लागलं, की गाणं अवघड आहे हो, पण...

या 'पण'च्या पुढचं वाक्य आमच्या पोटमाळ्यावरचा पोरगा आज ऐकतोय.

अल्लादियाखाँबद्दल एक गोष्ट जाणकार सांगतात. तरुणपणी आमलेटा नावाच्या ठिकाणी दरबारात असताना सलग गाण्याच्या ताणानं त्यांचा आवाज गेला. बराच काळ गळा बंद. परत आला तो पूर्वीसारखा गोड, भिजलेला राहिला नव्हता. त्या गळ्याला लांबलांब आलाप पेलेना. मग त्यांनी बुद्धी लावली. तानेची रचना, लयीचे पेच, रागाची वेगळी वाट. पुढं लोक जिला निव्वळ कसब म्हणाले, ती गायकी एका गायकाच्या गेलेल्या आवाजातून उभी राहिली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर भारतातून जे एक गाणं गेलं, ते केसरबाईंची भैरवी. अवघड घराण्याची गायिका.

आता इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड गावी. ॲलन होल्ड्सवर्थ. मेटलवाला नव्हे, पण पेट्रुचीपासून मेशुगाच्या फ्रेड्रिक थोर्डेन्डालपर्यंत सगळ्यांनी त्याचं ऋण घेतलंय. जन्म १९४६, अल्लादियाखाँ गेले तेच वर्ष. योगायोग, बाकी काही नाही. या माणसाला खरं तर सॅक्सोफोन हवा होता. हातात आली गिटार. गिटारचा सूर तार छेडली की 'टक्' करून सुरू होतो, आणि तेच त्याला नको होतं. फुंकून वाजवल्यासारखा अखंड, गुळगुळीत सूर हवा होता. म्हणून त्यानं पिकचा वापर अगदी कमी केला. डाव्या हाताच्या बोटांनीच तारेवर ठोकत, एका श्वासात पन्नास सूर काढायचं तंत्र घडवलं. आज यूट्यूबवर त्याला 'लेगॅटो एक्सरसाइज', म्हणजे सूर जोडून वाजवायचा सराव, म्हणतात. चार बोटं, तीन तारा, मेट्रोनोम सुरू.

त्या एक्सरसाइजमध्ये सॅक्सोफोनची ओढ कुठं आहे? ती उतरून घेता येत नाही. पोराच्या हाती येतं ते नुसतं तंत्र. ते ज्या अडचणीवर शोधलं ती अडचण त्याची नसते. टायपिंगची तक्रार मला अर्धी खरी वाटते ती इथं. वेग जास्त झाला हे कारण मला पटत नाही.

उरलेली अर्धी तक्रार आम्हाला राजारामपुरीत एका बाईंनी दाखवली.

(एक साधी खोली. पेटी. भिंतीशी मिरजेचा तानपुरा.)

बाई शास्त्रीय गाणं शिकवतात. मेटल कधी ऐकलेलं नाही. आम्ही पोराला त्यांच्याकडं घेऊन गेलो, छोटा ॲम्प सोबत. त्यानं आपली सोलो वाजवली. अगदी तयारीनं, एक चूक नाही. बाईंनी तोंडावर काही दाखवलं नाही. मग म्हणाल्या, "मी सगळं ऐकलो बाळा. पळतोस लई छान. ते शेवटचं वर ओढलास ते काय होतं?"

ते शेवटचं म्हणजे बेंड. दुसऱ्या तारेवर पंधराव्या पडद्याशी बोट, आणि तार वर ढकलून सूर एक पूर्ण स्वर चढवायचा. गाण्याच्या हिशेबात तो पंचम.

"पंचमाला पोचेना झालायस."

(कॅमेरा ट्यूनरच्या काट्यावर.)

आम्ही ट्यूनर, म्हणजे सूर बरोबर लागला का ते काट्यानं दाखवणारं यंत्र, लावला. पोरगा हसत होता, खात्री होती त्याला. काटा मधल्या रेषेच्या अलीकडंच थांबला. पुन्हा. पुन्हा अलीकडं. दर वेळी वेगळ्या ठिकाणी. वर कंप द्यायला लागला की तो आणखी खाली घसरायचा. पंचम म्हणजे अचल स्वर. तो थोडा जरी उतरला, तरी ज्याला संगीतातलं काही कळत नाही त्याच्याही कानाला खटकतं. खटकतंय काय ते त्याला सांगता येत नाही, म्हणून तो म्हणतो, 'आत काही होत नाही.'

सेकंदाला बारा सूर चुकत नाहीत आणि एक सूर पोचत नाही. याचं कारण साधं आहे. बारा सुरांना मेट्रोनोम आहे. काल १७५, आज १८०. प्रगती आकड्यात दिसते, फोनवर टाकता येते. ओढलेल्या सुराला आकडा नाही. तो किती वेळ स्थिर ठेवायचा, कंप कधी सुरू करायचा, किती रुंद, सोडायचा कसा, हे मोजणारं यंत्र त्याच्या खोलीत नव्हतं. म्हणून त्याचा सरावच झाला नव्हता. आपण ज्याला भाव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा असा बोटांत असतो. तीन बोटं एकत्र लावून ढकलणं, अंगठा मानेवरून वर घेणं, मनगट फिरवणं. 'मनापासून वाजव' असं सांगून पंचम चढत नाही. या सल्ल्याचा मला मनापासून कंटाळा आहे.

बाईंनी त्याला एक काम दिलं. वेगाचं काही वाजवायचं नाही. तानपुरा सुरू ठेवायचा, आणि तोच एक बेंड. चढ, थांब, उतर. कंप द्यायचा नाही.

"किती वेळ, काकू?"

"कान सांगेल."

(पोटमाळा. रात्र. खालचं मशीन बंद.)

रेकॉर्डिंगचा मुद्दाही इथंच येतो. या संगीतात रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा, काटेकोर लागते. दोन ठोक्यांमधली शांतता धारदार हवी, म्हणून नॉइज गेट लावतात. सूर ठरावीक पातळीखाली गेला की तो दार बंद करतो. रिफला ते हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण तीच सेटिंग सोलोवर राहिली, की लांब सुराचं विरत जाणं कापलं जातं. त्यावर लॅपटॉपमध्ये प्रत्येक सूर उचलून रेषेवर बसवला, की सगळे सूर एकाच जोराचे, एकाच लांबीचे. वादक निर्जीव नसतो हो, एडिटिंगनं त्याला तसं केलेलं असतं. आमच्या पोरानं जुना टेक गेट काढून ऐकवला तेव्हा तो स्वतःच जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "च्यायला, शेपूटच खाल्लंतं."

पोराच्या बँडमधल्या ड्रमरला हे सगळं पटलेलं नाही, तेही सांगायला हवं. त्याचं म्हणणं, आपण मेटल वाजवतोय, भावगीत नव्हे. सुरांची भिंत अंगावर येते तीच मजा, तीच भावना. त्याच्या मुद्द्यात दम आहे. मेशुगाबद्दल मी वर जे म्हणालो ते त्याच्याच बाजूनं जातं. दोघांचं भांडण अजून चालू आहे, मिसळ खातानाही.

गाणं आता रेकॉर्ड झालंय. सोलोचे दोन टेक ठेवलेत. पहिला बाईंकडं जाण्याआधीचा, गेटसकट. दुसरा नंतरचा. दुसऱ्यात सूर कमी असतील असं तुम्हाला वाटेल. तसं नाही, पळते सूर तेवढेच आहेत आणि त्याच वेगानं. फरक शेवटच्या बेंडमध्ये आणि त्याच्या आधीच्या छोट्या थांब्यात आहे. ड्रमरनं पहिल्याला मत दिलं, पोरानं आणि मी दुसऱ्याला. वडील म्हणाले, दोन्ही सारखंच वाटतंय, पर दुसऱ्यात गाणं सुरू झाल्यागत वाटलं.

हेडफोन असतील तर लावा. आधी पहिला.

(टेक एक. मग लगेच टेक दोन. श्रेयनामावली दुसऱ्या टेकवर.)