बांध ओलांडून मुरूम नेला, तर काय करायचं?

मंडळी, सोलापूरच्या हलक्या रानात वरची दीड-दोन फूट माती काढली की मुरूम लागतो. जवळ रस्त्याचं काम निघालं की त्याला मागणी येते. शेजारच्या गटात परवाना असतो, जेसीबी खोदत खोदत बांध ओलांडतो, आणि मालकाला कळेपर्यंत खड्डा पडलेला असतो.

इथे दोन स्वतंत्र प्रकरणं उभी राहतात. एक शासनाचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) खाली तहसीलदार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करू शकतात, ४८(८) खाली वाहन जप्त होतं. तो दंड तिजोरीत जातो. तुमच्या हाती त्यातलं काही येत नाही. दुसरं प्रकरण तुमचं: भरपाईचा दिवाणी दावा. त्याची मुदत अतिक्रमणाच्या तारखेपासून ३ वर्षं. पण म्हणून पहिल्याकडे दुर्लक्ष करू नका. सातबारा पाहून दंडाची नोटीस तुमच्याच नावे निघू शकते. कळलं त्याच दिवशी तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पंचनामा मागा.

आता मोजमाप. बहुतेक दावे इथेच ढिले पडतात. समजा खड्डा वर ५० बाय ४० फूट, तळाला ४० बाय ३०, खोली ८ फूट. वरचंच माप धरलं तर १६० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होतात, आणि समोरचा वकील तेवढ्यावर तुमचा आकडा खोटा पाडतो. वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि मधल्या मापाच्या (इथे ४५ बाय ३५) क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करा, तिला सहाने भागून खोलीने गुणा: सुमारे १२,६६७ घनफूट, म्हणजे १२७ ब्रास. गाड्यांच्या खेपांशी हा आकडा जुळणार नाही, कारण उकरलेला मुरूम फुगतो. पंचनाम्यात ‘जागेवरचे माप’ असं स्पष्ट लिहून घ्या. काळी माती आणि मुरूम वेगळे मोजा. मुरमाचा भाव बाजारात मिळतो, पण पिकाची माती गेली की ते रान पुन्हा उभं करायला गाळ आणून पसरावा लागतो; तो खर्च दाव्यात स्वतंत्र मांडा. माझ्या मते खरं नुकसान तेच आहे.

खड्डा तुमच्याच गटात आहे, हे सिद्ध करणंही तुमच्यावर आहे. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. खोदकाम चालूच असेल तर मोजणीची वाट न पाहता तात्पुरत्या मनाईसाठी कोर्टात जा.

पोलिसांत तक्रार देताना ‘जमिनीची चोरी कशी होईल’ असं ऐकावं लागतं. जमिनीला चिकटलेली वस्तू चोरीचा विषय होत नाही, पण ती वेगळी केली त्या क्षणी होते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ त्यासाठीच दाखवा. मोबाईलवरचे फोटो मूळ फोनमध्येच जपा; कोर्टात त्यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

खड्डा घाईने बुजवू नका. पावसाने कडा ढासळल्या की माप गेलंच, म्हणून दाव्यासोबतच कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाच्या वतीने जागा पाहून अहवाल देणारा माणूस, नेमण्याचा अर्ज द्या.