‘काही नाही व बाई’ या उत्तराबद्दल

नमस्कार. धानाच्या रोवणीचे दिवस, दिवसभर चिखलात उभं राहून, घरचा स्वयंपाक उरकून इतक्या बाया आल्या आहेत. दादांनो, जरा मागे सरका, त्यांना पुढे बसू द्या. पण उठून जाऊ नका. बोलणं बाया अंगावर काढतात त्या दुखण्यांबद्दलचं असलं तरी ते तुम्हीही ऐकायचं आहे.

मी बरीच वर्षं उपकेंद्रात नर्सबाई होते. गरोदर बाईचं नाव लिहायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या, बाळंत झाली की तारीख टाकायची. पोट दिसायला लागलं की बाई आमच्या रजिस्टरात यायची आणि बाळंतपण उरकलं की बाहेर जायची. पुढे तिची आठवण व्हायची ती थेट कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या कॅम्पला. यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. ते वाटायला लागलं डॉ. राणी बंग यांचं संशोधन समजून घेतल्यावर.

राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. नागपूरला शिकल्या, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि डॉ. अभय बंग यांच्यासोबत गडचिरोलीत येऊन गावांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या ‘सर्च’ संस्थेचं काम उभं केलं. गडचिरोलीच्या दोन गावांत त्यांनी ६५० बाया-मुलींची तपासणी केली. गरोदर असो-नसो, तक्रार असो-नसो, ती गावातली बाई आहे एवढं पुरे होतं. दवाखान्यात आलेल्या बायांवरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा नाही, आपणच गावात जायचं, हे त्यातलं खरं मोठेपण. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

त्यातले दोन आकडे आज माझ्यासोबत नीट मांडून बघा. शंभरातल्या ५५ जणींनी तक्रार सांगितली, ४५ जणी म्हणाल्या, त्रास नाही. तपासलं तेव्हा शंभरातल्या ९२ जणींना गर्भाशयाचा, योनिमार्गाचा, पाळीचा काही ना काही आजार निघाला. एकेकीला सरासरी साडेतीनच्या वर. आता तक्रार सांगणाऱ्या ५५च्या ५५ आजारी धरा. ९२ पुऱ्या व्हायला तरी आणखी ३७ लागतात. त्या कुठून आल्या? ‘काही नाही’ म्हणणाऱ्या ४५ मधून. आणि याआधी अशी तपासणी किती जणींची झाली होती? शंभरात आठ!

काही आजार खरंच मुके असतात, बाईलाही कळत नाहीत. पण बाकीचं? अंगावरून पांढरं जातं, कंबर मोडून येते, आईचंही तसंच होतं, सासूचंही तसंच. मग त्याला आजार कोण म्हणेल? ते बाईपणातच जमा होतं. आतला संसर्ग मात्र थांबत नाही. तो गर्भनलिकेपर्यंत गेला, नळ्या चिकटल्या, की मूल राहत नाही. मग तिला वांझ म्हणतात आणि दुसरीचं स्थळ बघायला निघतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि तेव्हा मला फार राग येतो.

एका घरी मी वर्षभर जात होते. ओसरीवर सासू बसलेली. सुनेला विचारलं की ठरलेलं उत्तर, “काही नाही व बाई.” एकदा तीच बांधीत रोवणीला दिसली. चार रोपं लावायची आणि उठायची, पुन्हा वाकायची, पुन्हा उठायची. मी चपला काढून धुऱ्यावर बसले. ती आली, पायाचा चिखल गवताला पुसला आणि खाली बघत म्हणाली, “अंग बाहेर येते, बाई. वाकलं का येते. मी लुगड्याची चिंधी बांधतो.” गर्भाशय खाली उतरलं होतं, तिसऱ्या बाळंतपणापासूनचं होतं ते. बाळंतीण उठून आठव्या-दहाव्या दिवशी कामाला लागली होती. ते बाळंतपण माझ्याच रजिस्टरात होतं. शेरा काय, तर ‘नॉर्मल’.

बाळंतपणानंतरच्या दिवसांवरही राणीताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. गडचिरोलीच्या ३९ गावांत ७७२ बायांवर घरोघरी लक्ष ठेवलं. बाळंतकळांच्या वेळी त्रास झाला साधारण १८ टक्के बायांना. बाळंतपण झाल्यावरच्या दिवसांत ४३ टक्के! पुन्हा रक्तस्राव, जंतुसंसर्ग, स्तनांचा त्रास. म्हणजे मूल रडलं, पेढे वाटले, सगळे बाळाभोवती जमले, आणि नेमकी तेव्हा आई तापाने फणफणत असते.

१९९४ची लोकसंख्येवरची कैरोची जागतिक परिषद, १९९७चा आपल्या सरकारचा प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम, यांनी बाईचं आरोग्य बाळंतपणापलीकडे मोजायला घेतलं. तिथवरच्या वाटेत पहिल्या तपासणीच्या त्या दोन गावांतल्या बायांचा वाटा आहे. अनोळखी माणसांसमोर तपासणीला तयार होणं सोपं नव्हतं.

इथे आशाताई बसल्या आहेत, नर्सबाई आहेत. तुम्हाला माझं सांगणं एवढंच, सासूसमोर विचारलेला प्रश्न विचारल्यात धरू नका. विहिरीवर विचारा, मोह वेचताना विचारा. उपकेंद्रात तपासणीच्या टेबलाला पडदा नसेल तर उद्याच घरची जुनी साडी नेऊन बांधा. मीही तेच केलं होतं. धुऱ्यावरची ती बाई त्या साडीमागे पहिल्यांदा टेबलावर झोपली, आणि पुढच्या आठवड्यात आपल्या जावेला घेऊन आली.